गेटजावई

दुखवट्याचं जेवण श्यामलाच्या मामानं दिलं. सयाजीमामा इंग्लंडातून पोचला तोवर बारावाही होऊन गेला होता. पण बहिणीचा दुखवटा भावानं काढायचा ही रीत त्यानं मोडली नाही. पंगत दारापुढच्या बोळात बसली आणि पहिल्या घासालाच श्यामलाच्या वडिलांची, कृष्णातअप्पांची, स्तुती सुरू झाली.

"लई ताठ गडी," केरबा म्हणाला. अप्पांच्या शेजारच्या लेथवर त्याची सारी उमर गेलेली. "ले-ऑफ दिला तवा आमी समदी गेटावर गेलो. किस्नात न्हाई आला. मेला, पर गेटावर हात पसरला न्हाई."

उद्यमनगरातल्या त्या कारखान्याच्या ऑर्डरी आटल्या तेव्हा कामगारांना बसवून ठेवलं होतं. कायद्यानं निम्मा पगार मिळायचा. अट एकच: रोज कामाच्या वेळी गेटावर जायचं, हजेरी लावायची आणि परत यायचं. पेठेत अशा माणसांना 'गेटजावई' म्हणत. तालमीच्या कट्ट्यावर बसलेली रिकामटेकडी पोरंसुद्धा म्हणत. अप्पांनी ते ऐकलं आणि गेटाची वाट सोडली. गूळ मार्केटात गुळाचे रवे, जडशीळ ढेपा, उचलायला लागले. अर्ध्या सुताचा फरक बोटांनी ओळखणारा टर्नरचा हात गुळानं चिकट होऊन घरी यायचा. छातीत कळ आली तीही पाठीवर रवा असतानाच.

आता कारखाना म्हणत होता, कृष्णात गेटावर येत नव्हता, म्हणजे त्यानं आपण होऊन काम सोडलं. तेव्हा निम्मा पगार नाही, आणि नोकरीत असताना गेलेल्याच्या घरी जे पैसे पोचतात तेही नाहीत. युनियनच्या माणसानं एक वाट दाखवली होती. जोडीच्या कामगारानं पुढं येऊन सांगावं, की तो रोज येत होता, कारकुनानंच हजेरी धरली नाही. श्यामला हायस्कुलात शिकवायची. पण आईचं पुढं काय, या विचारात तिला खोट्याचं वावडं उरलं नव्हतं.

केरबा मामाकडं वळला. "आता पावण्यांचं बघा. परमुलखात राबून बहिणीच्या दारात पंगत घातली. ह्येला म्हंत्यात कमाई."

"कसली कमाई?" मामा म्हणाला. "माजी गिरणी दिवाळीपासनं बंद हाय. सरकार बेकारभत्ता देतंय. पंधरवड्याला रांगंत हुबा ऱ्हायचं, सही करायची. म्होरं-मागं गोरीच असत्यात."

"आन् लाज?"

"पयल्यांदा वाटली. आयतं खातोय म्हणणारी तिकडंबी हाईत, आमच्यासारख्यांना तर जरा जास्तच म्हंत्यात. पर काम हुतं तवा पगारातनं कापून घेतल्यालंच हाय की."

केरबानं ताकाची वाटी तोंडाला लावली. "तिकडचं येगळं, पावणं."

बाकीच्यांनीही माना हलवल्या आणि भात कालवला.

आमटी वाढत आलेली श्यामला केरबापुढं थांबली. "काका, अप्पा गेटावर येत होते एवढं तुम्ही सांगाल का? तेवढ्यानं आईचं काम होईल."

केरबानं मान वर केली नाही. "कसं सांगू, पोरी? त्यो येत न्हवता ह्ये मीच सांगत फिरलोय. तालमीत सांगितलं, मार्केटात सांगितलं, मैताला सांगितलं. मॅनेजरच्या कानावरबी माजंच गेलंय. आता उलटं सांगून त्येचं नाव खाली पाडू व्हय?"

"नुसत्या नावावर आई कशी जगेल?"

"तू शिकल्याली हायस. तुला त्येची किंमत कळाय पायजे."

आई दाराशी बसली होती. "मी म्हनलं हुतं त्येंला," ती कुणाकडंही न बघता म्हणाली, "घटकाभर हुबं ऱ्हावा आन् या. गेटजावई तर गेटजावई. जितं तर ऱ्हाशीला." मग पदर सावरून म्हणाली, "शामे, भात वाढ त्येंला. रिकामी बसल्यात."

केरबानं भात घेतला. जेवून हात धुतला, टोपी झटकून डोक्यावर ठेवली आणि जरा अवघडून आईपुढं उभा राहिला.

"बसलो असतो, वैनी. पर दुपारच्या भोंग्याच्या आत गेटावर हजेरी लावाय पायजे. न्हाईतर आजचा दिस जातोय."

"जावा," आई म्हणाली. "उशीर करू नका."

रोज सकाळी अप्पांना जशी सांगायची तशीच.

श्यामलानं केरबाची पत्रावळ उचलली. मामाच्या पंगतीतलं त्यानं एक शीतही मागं ठेवलं नव्हतं.