आरशावरचं झबलं

माझ्या दाजीला गाडी चालवता येते, एवढं मी मान्य करते. बाकी त्याला काय येतं ते अजून मला कळायचंय.

दाजी म्हणजे सुदर्शन, माझ्या मोनिकाताईचा नवरा. करमाडचा. शेंद्र्याच्या कंपन्यांतल्या लोकांची ने-आण करतो, स्वतःची व्हॅन हाय. कपाला दोन्हीकडून कान असावेत तसे त्याचे कान, आणि त्या कानांनी तो फक्त आपल्या मायचंच ऐकतो.

त्या दिवशी तो ताईला न्यायला आमच्या उस्मानपुऱ्याच्या गल्लीत आला तर व्हॅनमधल्या आरशाला झबलं बांधलेलं. निळं, हत्तीवालं. बंद मागून आवळून गाठ मारलेली. मला वाटलं, बाप झाल्याच्या खुशीत डेकोरेशन केलं असंल. मग त्याची माय उतरली. द्वारकामावशी. एका हातात जुनं लुगडं, दुसऱ्या हातात सुतळी. तिनं पुढच्या आणि मागच्या सीटच्या मधी लुगडं ताणलं, वरच्या कड्यांना सुतळीनं बांधलं, आणि फट राहिली का म्हणून बोट घालून घालून बघितलं. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. हे डेकोरेशन नव्हतं. हा बंदोबस्त होता. माझ्या भाचीचा. महिन्याची पण नव्हती ती, आणि तिच्यासाठी एवढा बंदोबस्त!

कामून? तर ती मूळ नक्षत्रात झाली म्हणून. करमाडच्या महाराजांनी पत्रिका बघितली आणि सांगितलं, पोरगी बापाला जड हाय. शांती होईस्तोवर बापानं तिचं तोंड बघायचं नाय. शांतीच्या दिवशी आधी तेलात तिचं प्रतिबिंब बघायचं, मग तोंड. आधी बघितलं तर बापाच्या जिवाचं काय खरं नाय.

मग काय. दाजी दवाखान्यात आला तर जिन्यातच थांबला, डबा माझ्याकडून वर पाठवला. दर रविवारी आमच्या घरी आला तर ओट्यावर दाराकडं पाठ करून चहा प्यायचा. गल्लीतली पोट्टी हसायची. शेजारच्या अनिसाचाचीनं पोरीला मांडीवर घेऊन घेऊन तिला सवय लावली. गयास भंगारवाला, तो पण हातगाडी थांबवून बघून गेला, "माशाल्लाह" म्हणून. दूधवाल्यानं बघितली, गॅसवाल्यानं बघितली. बाप तेवढा पाठ करून बिस्कीट बुडवतोय.

मी मावशीला म्हणलं, "एवढी भीती हाय तर दुसरी गाडी करायची ना. तो घरी थांबला असता."

"घरची गाडी असताना भाड्याची कामून?" मावशी म्हणली. "तू नको शिकवू. नववी नापास."

नापास नाय मी. सर माझ्या आईवरून बोलले, मी त्यांचा डबा खिडकीतून फेकला, मग शाळेनं मला सोडलं आणि मी शाळेला. पण हे मावशीला कशाला सांगू. ग्रहाला घाबरणारी बाई, आणि ग्रहापेक्षा भाड्याला जास्त.

घरात ताई पोरीला दुपट्यात गुंडाळत होती. मला येतं तसं दुपटं बांधणं तिला येत नाय, सारखं सुटत होतं. मी म्हणलं, "दे इकडं."

"सारजे," ती हळूच म्हणली. (सारजा माझं नाव. आजीचं ठेवलंय, त्याचा राग वेगळा.) "उद्या शांती. उद्या ते बघणारच हायेत, कारण महाराज बघ म्हणणार. मला तसं नको. आज करमाडपर्यंत त्यांनी आपल्या मनानं एकदा हिच्याकडं बघितलं, तर मी शांतीला बसते. नाय बघितलं तर त्या घरचा उंबरा मी ओलांडणार नाय. तशीच माघारी येईन."

"मी सांगते त्याला. कान धरून सांगते."

"सांगायचं नाय. सांगून बघितलं तर काय उपयोग? तोंड उघडशील तर बघ."

म्हणजे मला पाठराखीण म्हणून पाठवायचं आणि तोंडाला कुलूप लावायचं. माझ्यासारखीला. वा!

निघालो. पुढं दाजी आणि मावशी. मागं लुगड्याच्या पलीकडं आम्ही तिघी. दाजीच्या एसीचा सगळा गारवा लुगड्याच्या पुढंच अडकलेला, आणि एप्रिलचं ऊन मागच्या काचेतून आमच्या मानेवर. मावशी पुढून म्हणती, "किती गार वाटतंय ना मोनिका?"

"लई," मी म्हणलं. "गोधडी आणायला पायजे होती."

जालना रोडला लागलो. थोड्या वेळानं दाजीचा आवाज आला, लुगड्यातून, हळू, "सारजे, हे झबलं तिला बसतं का?"

"बसतं कुठलं. आत आणखी एक पोरगी मावंल."

लुगड्याच्या कडेला एक फट होती, माझ्या बाजूला, मावशीला न सापडलेली. तिच्यातून मला दिसलं, तो सारखा त्या झबल्याकडं बघत होता. त्या हत्तींकडं. एका हातानं त्यानं झबल्याची बाही चिमटीत धरली, दोन बोटं पण आत जाईनात. बोटं तशीच ठेवून गाडी चालवत होता.

"समोर बघ," मावशी म्हणली.

मुकुंदवाडीच्या सिग्नलला पोलिसानं हात केला. खिडकीशी आला. आरशाला झबलं, मधी लुगडं. त्याच्या जागी मी असते तर मी पण थांबवलं असतं.

"पडद्यामागं काय हाय?"

"लेकरू हाय साहेब," मावशी म्हणली.

"मग पडदा कशाला? लेकरू पळून चाललंय का?"

त्यानं मागचं दार सरकवलं. आधी माझं तोंड बघितलं, मग ताईचं, मग दुपट्यावर वाकला. मिशा एवढ्या मोठ्या आणि आवाज एकदम बारीक करून, "अरे रे रे, कोण हाय हे? कोण हाय?" मग पुढं मान करून दाजीला म्हणला, "कान बघ कान! थेट बापाचे. नाव नको ठेवू, कानावरूनच ओळखतील."

ताई हसली. महिन्याभरात पहिल्यांदा.

"आणि आरशावरचं ते काढ आधी. मागचं दिसत नाय, मरायचंय का?"

"हौ साहेब, हौ," म्हणून मावशीनं झबलं सोडलं. पुढच्या चौकात परत बांधलं. गाठ आधीपेक्षा घट्ट.

म्हणजे आता पोलिसानं पण बघितली. राहिला कोण? करमाडचा सरपंच आणि बाप.

"आई," दाजी म्हणला, "कान माझ्यासारखे म्हणला तो."

"कुणाचे पण असू दे. गाडी हाण."

मी ताईकडं बघितलं. तिनं माझ्याकडं बघितलंच नाय, पोरीला पाजायला घेतलं. मी ओढणीचं टोक दातात धरलं, नायतर तिथंच बोलले असते.

विमानतळ गेला, चिकलठाणा गेलं. केंब्रिजचा नाका गेला. शेंद्र्याच्या कंपन्यांच्या भिंती दिसायला लागल्या, आता करमाड असं कितीसं राहिलं? गाडीत मागं भट्टी झालेली. पोरगी पिऊन झाली तशी रडायला लागली, लाल लाल झाली. मी वहीच्या पुठ्ठ्यानं वारा घालत होते. शाळेचा तेवढा एक उपयोग. मग गाडी कशावरून तरी आदळली, आणि पोरीच्या नाकातोंडातून दूध आलं. रडणं एकदम थांबलं. एकदम. तोंड उघडं, आवाज नाय. ओठ कसेतरी व्हायला लागले.

"अहो, थांबवा!" ताई ओरडली. "श्वास घेईना ही! थांबवा गाडी!"

ताईनं तिला खांद्यावर उपडी टाकली आणि पाठीवर थापट्या मारायला लागली. मला हवा पायजे होती, दुसरं काय सुचलं नाय. मी लुगडं धरलं आणि ओढलं. सुतळी तुटली, कडी तुटली, सगळं खाली.

दाजीनं मान वळवली.

आणि ती बाई, ती द्वारकामावशी, काय म्हणली असंल? "गाडी बाजूला घे" नाय. "लेकरू कसं हाय" नाय. ती ओरडली, "सुदर्शन, डोळे मीट!"

आणि त्यानं मिटले.

आईशप्पथ. जालना रोडवर, चालू गाडीत, मागून ट्रक येत असताना, त्या माणसानं आईनं सांगितलं म्हणून डोळे मिटले. ट्रकवाला हॉर्न वाजवत घासून गेला. आमची गाडी डांबरावरून खाली उतरली, मुरमाच्या ढिगावर चढली आणि आचका देऊन बंद पडली. माझं डोकं पुढच्या सीटला आपटलं. महाराजांनी सांगितलं होतं ना, पोरीपायी बापाच्या जिवाचं खरं नाय? खरंच नव्हतं. पण पोरीनं काय केलं होतं त्यात?

आचक्यानं का थापट्यांनी, देव जाणे, पोरगी खोकली. आणि मग जे रडली, जे रडली! मला आयुष्यात कुणाचं रडणं एवढं गोड लागलं नव्हतं.

दाजी उतरला. डोळे मिटलेलेच. गाडीच्या पत्र्याला चाचपत चाचपत मागं आला, दार सरकवलं, दोन्ही हात पुढं केले. आंधळा भिकारी जसा. "रडली ना? ती रडली ना? मोनिका, बरी हाय ना ती?"

"डोळे उघडा आणि बघा," ताई म्हणली.

"सुदर्शन, माझी आन हाय तुला!" मावशी पुढून उतरून आलीच. "एक दिवस राहिला फक्त. एका दिवसानं काय मरत नाय कुणी."

"आत्ता मेलो असतो की आपण सगळे!" मी म्हणलं. "मावशी, तुम्ही चालू गाडीत डोळे मिटायला लावले त्याला!"

"तू गप. लहान तोंडी मोठा घास."

दाजी तसाच उभा. पापण्या एवढ्या आवळलेल्या की भुवया खाली आल्या होत्या. कानशिलावरून घाम. ताई वाट बघत होती. मला माहीत होतं ती कशाची वाट बघतीय, आणि तो बैल सोडून सगळ्या दुनियेला ते दिसत होतं.

"अहो," ताई म्हणली, अगदी हळू. "एकदाच."

त्याचे ओठ हलले. डोळे नाय उघडले.

ताई उतरली. पोरगी खांद्यावर तशीच, डोक्यामागं हाताचा आधार, आणि चालायला लागली. करमाडकडं नाय. डिवायडर जिथं तुटलाय तिकडं. पलीकडून शहराच्या रिक्षा जातात.

चपलांचा आवाज लांब गेला तसा दाजी घाबरला. "मोनिका? सारजे, कुठं चालली ती?"

माझ्या तोंडाचं कुलूप तिथं तुटलं. "उस्मानपुऱ्याला. तुमच्या घरी येणार नाय ती आता. जावा, आणा तिला. डोळे मिटून शोधा."

त्यानं डोळे उघडले.

ताईची पाठ होती आमच्याकडं. पण पोरगी खांद्यावर होती ना, तिचं तोंड मागं. रडून रडून थकलेली, गाल ताईच्या खांद्यावर चेपलेला, नाकाखाली दुधाचा ओघळ, आणि डोळे टक्क उघडे. ती सरळ त्याच्याकडंच बघत होती. या वयात त्यांना लांबचं काय दिसत नाय म्हणतात. नसंल दिसत. दाजीला दिसत होतं.

तो पळाला. एक चप्पल मुरमात राहिली. ताईच्या मागं जाऊन तो थांबला, तिला हात लावायची हिंमत झाली नाय, म्हणून पोरीच्या कानाला बोट लावलं. "खरंच की," म्हणला. "खरंच माझे कान हायेत हिला." आणि तिथंच, जालना रोडच्या मधोमध, ते कपासारखे कान घेऊन माणूस हुंदके द्यायला लागला. बघवत नव्हतं. मी पण नाय बघितलं, मला उन्हानं डोळ्यात पाणी आलं.

मावशी मुरमावर बसली, कपाळावर हात मारत. थोडा वेळ वाट बघितली. सुदर्शन मेला नाय. मग ती उठली, अंगाची धूळ झटकली, आणि म्हणली, "हे बघा. त्यानं बघितलंच नाय. महाराजांना काय बोलायचं नाय. भावकीत तर अजिबात नाय. उद्या शांती ठरल्यासारखी होईल."

"आणि नक्षत्राला काय सांगायचं?" मी विचारलं. "ते वरून बघतंय."

"सारजे, तुझं तोंड ना..."

ताई परत आली गाडीपाशी. डोळे पुसले नव्हते, पण मान वर. "आत्याबाई, शांतीला बसीन मी. पण तुम्ही मागं बसा. मी आणि पोरगी पुढं."

मावशीनं लेकाकडं बघितलं. लेक आरशावरच्या झबल्याची गाठ सोडत होता. घट्ट होती, नखानं सोडवता येईना, शेवटी दातानं तोडली. मावशी मागं बसली, माझ्याशेजारी, त्या भट्टीत. तिच्या मांडीवर लुगड्याचा बोळा.

"किती गार वाटतंय ना मावशी?" मी म्हणलं.

दुसऱ्या दिवशी करमाडला शांती झाली. ताई खरंच बसली, हिरवी साडी नेसून, त्याच्या शेजारी. माझा तेव्हा लई संताप झाला. मला वाटलं होतं ती सगळ्यांसमोर सांगंल, काल बघितलं त्यानं, कुणी मेलं नाय, उठा आता. पण ती गालात हसत बसली होती, आणि मी तोंड उघडायला लागले तर माझ्या पायाला तिनं असा चिमटा काढला की निळं पडलं.

महाराजांनी परातीत तेल ओतलं. ताईनं पोरीला वर धरलं. "आता बघा," महाराज म्हणले, "लेकीचं मुख तेलात बघा. दिसलं?"

उकाडा म्हणून टेबलफॅन लावला होता, त्याच्या वाऱ्यानं तेलावर नुसत्या सुरकुत्या. पोरगी नाय, छप्पर नाय, काय म्हणजे काय दिसत नव्हतं.

"दिसली," दाजी म्हणला.

"बघा, बापाला कसा आनंद झाला," महाराज भावकीला म्हणले. मावशीनं डोळ्याला पदर लावला, जसं काय पहिल्यांदाच चाललंय सगळं.

निदान नाटक करायचं तर तेलाकडं तरी बघावं माणसानं. तेवढं पण जमलं नाय त्या बैलाला. तो थेट पोरीकडं बघत होता.