गाठीचे ओंडके

"ही नाही," दुकानदार म्हणाला आणि माझ्या हातातली कुऱ्हाड त्याने सरळ काढून घेतली. "ही तोडायची. तुम्हाला फोडायचंय."

गिऱ्हाईक तो आहे की मी, असं मी त्याला विचारलं. मी आयुष्यभर पुलांची तपासणी केली होती. कंत्राटदारांशी, साहेबांशी आणि साहेबांच्या साहेबांशी भांडून चार बदल्या अंगावर घेतल्या होत्या, आणि लोखंडाच्या बाबतीत कुणी अक्कल शिकवलेली मला खपत नसे. पण हा गृहस्थ माझ्याइतकाच हेकट निघाला. ती चकचकीत, पातळ पात्याची कुऱ्हाड त्याने पुन्हा खिळ्याला टांगली आणि कोपऱ्यातून एक बोजड, कुरूप वस्तू ओढत आणली, पुढून जाड कुऱ्हाड आणि मागून सपाट घण. पातळ पातं लाकडात रुतून बसतं, जाड पातं लाकडाला दोन्हीकडे रेटतं, असं त्याने सांगितलं. दांड्याच्या रेषा उभ्या आहेत ना ते बघा, आडव्या असल्या की तो ऐन घावाला हातात मोडतो.

"याच्याहून जड आहे?"

"आहे. पण वजन खांद्याला झेपायला पाहिजे, साहेब. रागाला नाही."

बरोबर एक लोखंडी पाचर त्याने माझ्या गळ्यात मारली. गाठीचा ओंडका नुसत्या कुऱ्हाडीला दाद देत नाही. एकाने त्यावर पाचर उभी धरायची आणि दुसऱ्याने मागच्या घणाने ठोकायची. घाव खाली आणताना मारणाऱ्याने 'हं' म्हणायचं, म्हणजे धरणारा त्या क्षणी हात काढून घेतो.

"घरात दुसरं कोण आहे?"

"कुणी नाही."

"मग ही लहान हातोडी घ्या. चार टोले मारून पाचर आधी लाकडात रुजवायची. त्याशिवाय ती उभीच राहत नाही."

हे सरपण मी हौसेने फोडणार नव्हतो. मागच्या थंडीत माझ्याकडे ओली लाकडं होती, चूल नुसती धुमसायची, आणि मी तीन आठवडे अंथरुणात होतो. तेव्हापासून मुलीने घर विकायचा धोशा लावला होता. भांडून भांडून दोघंही थकलो, तेव्हा तिने अट घातली, की थंडी पडायच्या आत सगळं सरपण तुमच्या एकट्याच्या हाताने फोडून रचलेलं दिसलं तर मी पुन्हा विषय काढणार नाही, नाहीतर मुकाट्याने सामान बांधायचं. मी हो म्हटलं. तिच्या घरी मला एक खोली होती, खिडकी होती, सगळे प्रेमाने वागले असते, आणि मी महिन्याभरात संपलो असतो.

माझं घर गल्लीतलं शेवटचं. बाकीची घरं उन्हाळ्यापुरती उघडतात, एरवी त्यांच्या दारांवर कुलपं आणि पायऱ्यांवर पालापाचोळा. पोस्टमन तेवढा दुपारी यायचा, कुंपणावरून हात करायचा आणि सायकल न थांबवता वळायचा. मागच्या अंगणात मी एका रुंद बुंध्याचा ठोकळा केला आणि कामाला लागलो. सुरुवातीला मी लाकडावर तुटून पडायचो, आणि लाकूडही माझ्यावर. मग हळूहळू उमगलं. ओंडक्याच्या तोंडावर आधीच बारीक भेगा असतात, त्या वाचायच्या. नेम मधोमध न धरता कडेला धरायचा, पाय फाकवून उभं राहायचं, आणि कुऱ्हाड वर गेल्यावर जोर न लावता तिचं वजन तिला खाली आणू द्यायचं. ओंडका खटकन उघडला, की आतल्या कोरड्या लाकडाचा वास यायचा. दिवसभरात तेवढीच एक गोष्ट माझ्याशी प्रामाणिकपणे वागत होती.

गाठीचे ओंडके मी बाजूला ठेवायचो आणि पाचर घेऊन एकेक संपवायचो. तेही चांगलंच जमायला लागलं होतं. किती चांगलं, ते महिनाभराने कळलं. एके दिवशी दुपारी पाण्याचा तांब्या ठेवायला गेलो तर खिडकीच्या कठड्यावर ती लहान हातोडी दिसली. तिच्यावर गंजाचे ठिपके होते आणि दांड्यापासून गजापर्यंत कोळ्याने जाळं विणलं होतं.

मी जाळं तोडून ती हातात घेतली. आदल्याच दिवशी मी सात-आठ गाठीचे ओंडके फोडले होते. पाचर ठेवली, मागे सरलो, कुऱ्हाड उलटी करून घण मारला, एवढंच मला आठवत होतं. हातोडीने पाचर रुजवल्याचं आठवत नव्हतं.

मी परत ठोकळ्याशी गेलो. ओंडक्यावर पाचर टेकवली आणि हात सोडला.

पाचर उभी राहिली.

तपासणीची सवय अशी सुटत नाही. खिशात मुलीचं पोस्टकार्ड होतं, ते मी पाचरीच्या धारेखाली सरकवलं. एका बाजूने घातलेलं कार्ड कुठेही न अडता दुसऱ्या बाजूने बाहेर आलं. मग मात्र माझा पारा चढला. "कोण आहे?" मी ओरडलो. "काय चाललंय हे? समोर या!" कुंपणापलीकडे कुलूपबंद घरं होती. पाचर हलली नाही. मी घण उचलला, खांद्यावर नेला, आणि तसाच अवघडून राहिलो, कारण पाचर धरणारं कुणी नाहीच असं समजून मी इतके दिवस मारत होतो. दुकानदाराचं बोलणं आठवलं. घाव खाली आणताना मी "हं" म्हटलं. ओंडका दुभंगला.

त्यानंतर मी 'हं' म्हणायला एकदाही विसरलो नाही. सवय झाली. 'हं'च्या पुढेही शब्द यायला लागले. हा ओंडका वाकडा आहे, जरा अलीकडे धर. हवा फिरली आज. त्या कंत्राटदाराने तेव्हा मला काय सांगितलं होतं माहितेय? उत्तर यायचं नाही, पण पाचर उभी असायची. सरळ, सोपे ओंडके मी मागे ठेवायला लागलो आणि गाठीचे आधी घ्यायला लागलो. ते संपत आले तेव्हा फाटकाबाहेर पडलेलं एक जुनं खोड ओढून आणलं, निव्वळ त्याला गाठी खूप होत्या म्हणून.

मुलगी ठरल्या दिवशी आली. भिंतीला लागून छपरापर्यंत रचलेलं सरपण तिने या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं.

"बाबा, खरं सांगा. कुणाला लावलं होतंत कामाला?"

"तुझ्या आजोबांना बोलावून घेतलं होतं वरून."

"थट्टा नको. पोस्टमन भेटला मला नाक्यावर. म्हणाला, तुमचे वडील मागच्या अंगणात कुणाशी तरी बोलत असतात रोज." ती माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिली. "माणूस असेल तर अट मोडली. आणि माणूस नसेल, तर बाबा, मग मी तुम्हाला इथे एक दिवससुद्धा ठेवणार नाही."

"लाकडाला शिव्या घालतो मी. पोस्टमनचे कान तिखट आहेत."

"मग फोडून दाखवा. तो." तिने बोट केलं ते त्या खोडाच्या शेवटच्या तुकड्याकडे.

ती पायरीवर बसली, हाताची घडी घालून, अगदी परीक्षक. मी तुकडा ठोकळ्यावर चढवला, पाचर टेकवली, हात सोडला. पाचर उभी राहिली. मी मागे सरलो आणि घण उचलला. मुलगी माझ्या तोंडाकडे बघत होती, हातांकडे नाही. एवढासा एक 'हं', आणि तिने विचारलं असतं, कुणाला? माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि खोटं तिला लगेच कळतं. कुऱ्हाड वर थांबवून ठेवता येत नाही, तिचं वजन तिला खाली आणतंच.

मी काही न बोलता घाव घातला.

आवाज नेहमीसारखा खणखणीत आला नाही. पण तुकडा दुभंगला, दोन्ही फाका ठोकळ्याच्या दोन बाजूंना पडल्या, आणि मुलगी उठून टाळ्या वाजवायला लागली. "हरले बाई मी!" ती म्हणाली, आणि कितीतरी वर्षांनी तिने माझ्या खांद्यावर डोकं टेकवलं. ती घराचा विषय पुन्हा काढणार नव्हती. तिच्या नकळत मी दोन्ही फाका, ठोकळा, भोवतालची माती न्याहाळली. कुठे रक्ताचा ठिपकाही नव्हता.

दुपारी ती गेली. मी फाटकातून परत येताना बाहेर पडलेला एक ओंडका ओढून आणला, पाचर त्यावर टेकवली आणि हात सोडला. ती पडली. पुन्हा ठेवली, पुन्हा पडली. दुसऱ्या दिवशीही पडली, तिसऱ्या दिवशीही. सरपण भरपूर होतं, चूल झक्क पेटत होती, घर माझं होतं. उभ्या जन्मात मी कुणाचीही माफी मागितली नव्हती, ना साहेबाची, ना घरच्यांची, त्यामुळे ती कशी मागतात तेही धड ठाऊक नव्हतं. तरी चौथ्या दिवशी सकाळी रिकाम्या अंगणात उभं राहून मी ती मागितली, जमेल तशी, मोठ्याने, पोस्टमनने ऐकलं तर ऐको म्हणून. मग पाचर ओंडक्यावर टेकवली आणि बोटं एकेक करून सोडवली.

ती उभी राहिली.

मी दांडा दोन्ही हातांत घट्ट धरला. मागे सरलो, पाय फाकवले, आणि आधी स्वच्छ सांगितलं, "हं म्हणेन मी. म्हटल्याशिवाय मारणार नाही." मग घण उचलून खांद्याच्या वर नेला.

पाचर थरथरायला लागली.