लिंबातली साखळी

लेकीचा पाळणा माहेरहून येतो. माझ्या रुखसारचाही यायला हवा होता. पण माझं माहेर म्हणजे लिंबाच्या फांदीत अडकलेली म्हशीची एक साखळी.

भूकंप झाला तेव्हा मी आज रुखसार आहे एवढी होते. त्याच्या आदल्या वर्षापासून जमिनीखाली गुरगुरायचं म्हणे. लोक काही महिने अंगणात झोपले, मग कंटाळून आत गेले. अम्मी मात्र मला आत न्यायला तयार नव्हती. तिनं म्हशीची साखळी अंगणातल्या कडुलिंबाच्या फांदीवरून टाकली, तिला जुन्या साडीची झोळी बांधली. बायका हसायच्या, "लेकरू हाय का वासरू, साखळीला बांधून ठेवलीस?" त्या पहाटे गारवा सुटला, म्हणून ती माझ्यासाठी वाकळ आणायला घरात गेली. दगडमातीचं घर. ती आतच राहिली.

अम्मीची बहीण शकिलाखाला सांगते, धुळीत काही दिसत नव्हतं. फक्त साखळीची कुरकुर ऐकू येत होती. त्या आवाजामागं ती आली आणि मी सापडले. पुढं तिनंच मला वाढवलं.

गाव नव्या जागी गेलं. जुन्या जागेवर दगड, वेड्या बाभळी आणि तो लिंब उरला. फांदी जाड होत गेली, तिनं साखळी गिळली. खाली दोन टोकं तेवढी लोंबत राहिली. वारा नसला तरी ती वाजतात, असं खाला म्हणायची. लहानपणी मीही ऐकलीत, तिचा हात घट्ट धरून.

लग्न करून मी लातूरला आले. माझा नवरा जिलानी सुतार. क्लासेस वाढले तशी होस्टेलं वाढली आणि आमच्या दारात खाटांची रांग लागली. भोकर, हदगावहून डॉक्टर व्हायला आलेली लेकरं जिलानीच्या खाटांवर झोपतात. माझी लेक मात्र चार महिन्यांची झाली तरी खाली गोधडीवर.

अशात खालाचा फोन आला. जुन्या जागेवरची झाडं काढायचा ठेका गेला होता.

"पावसाच्या आधी लिंब पाडतेत बेटा. तुझ्या अम्मीची साखळी लाकडासंगं कुठं जाईल, कुणाला ठाव?"

जिलानी म्हणाला, "पाडू देतो व्हय? आपण आधीच फांदी काढू. पाळणा त्याच साखळीला टांगू."

त्याच्याकडं लाकूड कापायची छोटी मशीन होती, एका हातात उचलेल अशी. तिची जुनी दातेरी चेन बोथट झाली होती. नवी आणायला तो बाजारात गेला, जुनी बरोबर घेऊन. आमच्याकडं चेन जुळवायची एकच रीत. दुकानदार भिंतीतल्या खिळ्याला जुनी अडकवतो, शेजारी नवी अडकवतो. दोन्हींची खालची टोकं बरोबरीला आली की झालं. आली बरोबरीला. घरी आल्यावर मशीन रिकामीच चालवून पाहिली. फिरली.

लिंबाला शिडी लावून जिलानी चढला. मी रुखसारला घेऊन खालाजवळ उभी. चेन फांदीला टेकली, साल उडाली, आणि चेन ज्या लांब पट्टीवरून फिरते, तिच्यावरून खाडकन उतरली. त्यानं परत बसवली, ताणून घट्ट केली. परत उतरली. तिसऱ्यांदा उतरली ती त्याची बाही फाडून गेली.

तो खाली आला, फाटलेली बाही वर करून हात बघितला.

"आगं, हे काही बरं न्हाई. हवेत फिरतीय, फांदीला लागली की उडतीय."

खालानं डोक्यावर पदर घेतला. "तुझी अम्मी सोडून न्हाई राहिली. तिनं लेकराला टांगलंय तिथं. ती अजून राखण करून राहिलीय."

वारा नव्हता. दोन्ही टोकं हलत होती.

मला भीती वाटायला हवी होती. पण खरं सांगते, माझ्या पोटात ऊब आली. जिचा चेहराही मला आठवत नाही, ती आहे. मला अडवतेय.

जिलानीनं मशीन पोत्यात गुंडाळली आणि आम्ही लातूरला आलो. आल्यावर म्हणाला, "हातकरवत ओढायला तिथं शिडीवर जागा न्हाई. आणि असती तरी मी आता त्या लिंबाला हात लावत न्हाई."

दुसऱ्या दिवशी दुपारी तो खाटा पोचवायला गेला. रुखसारला दूध पाजता पाजता मी कोपऱ्यातल्या दोन्ही चेना एका हातानं ओढून घेतल्या. बांगड्या मापाला लावून बघाव्यात तशा शेजारी शेजारी ठेवल्या. कड्या जोडणारा पहिला रिबीट रिबीटाशी जुळवला. दुसरा थोडा मागं राहिला. तिसरा आणखी मागं. पुढं तर नव्या चेनचे दात जुन्याच्या दातांच्या फटीत आले. लांबी सारखी, पण कड्या बारीक आणि जास्त. मशीनमधल्या दातेरी चाकाच्या खाचा जुन्या, मोठ्या कड्यांच्या. पट्टीच्या टोकाचं छोटं चाकही तसलंच. नवी चेन खाचांत बसतच नव्हती. नुसती वरून धावत होती. जोर आला की चढायची आणि उडायची.

म्हणजे तिथं कुणी नव्हतं.

मी पटकन चेना वेगळ्या केल्या, म्हणजे जणू पाहिलंच नाही असं होईल. बोलले नाही तर जिलानी परत जाणार नव्हता. अम्मी लिंबात राहिली असती. पण पावसाच्या आधी ठेकेदाराची माणसं येणार होती, आणि त्यांच्या मशीनला योग्य चेन असणार होती.

संध्याकाळी तो चप्पल काढतच होता, तेव्हा मी दोन्ही चेना त्याच्यासमोर टाकल्या. त्यानं बोट फिरवलं आणि कपाळावर हात मारला.

"आयला! खिळ्याला लावून आणली की मी. चाक, पट्टी अन् चेन, तिन्हीच्या कड्या सारख्या पाहिजेत. एवढंच होतं व्हय?"

"हाव," मी म्हणाले. "एवढंच होतं."

तो हसला. माझ्याकडं बघून थांबला. "तुला काय झालं?"

"काही न्हाई."

तो मशीनच घेऊन बाजारात गेला. चाकावर बसवून, पट्टीच्या खाचेत डुगडुगत नाही ना ते पाहून चेन आणली. आम्ही परत गेलो. साखळीच्या दोन्ही बाजूंना मी खडूनं खुणा केल्या, लोखंड दाताला लागू नये म्हणून. जिलानीनं मशीन टेकवली.

मी वाट पाहत होते. उडेल. आता उडेल. एकदा तरी उड गं अम्मी.

चेन लोण्यातून जावी तशी गेली. हिरवट भुसा आमच्या डोक्यांवर पडला, कडू वास सुटला. ओंडका दोरानं खाली आला. कुणी अडवलं नाही.

खाला तोंडात पदर कोंबून रडली. "इतकी वर्षं धरून होती. आज सोडलं पोरीनं."

मी तिला चेनचं सांगितलं नाही.

जिलानी ओंडका फोडून साखळी मोकळी करणार होता. मी म्हणाले, "न्हाई. हाय तसा राहू द्या." मग त्यानं ओंडकाच दोन आकड्यांनी छताला टांगला. साखळीच्या टोकांना, होस्टेलच्या खाटांतून उरलेल्या सागवानाचा छोटा पाळणा. रुखसार पहिल्याच दिवशी त्यात हात पसरून झोपली.

दुपारी ती माझ्या मांडीवर असते, पाळणा रिकामा असतो, पंखा बंद. तरी कुरकुर येते. थांबते. परत येते.

"लाकूड वाळतंय, साखळी ढिली पडली असंल," जिलानी परवा म्हणाला. "शिडी आण, बघतो. जरा ग्रीस लावतो."

शिडी दाराआडच होती.

"राहू द्या," मी म्हणाले, आणि रुखसारला उचलून पाळण्यात ठेवलं.