तितराच्या अंगावरच्या गोचिडी

पुंजाजींना शेतात जखमी तितर सापडलं, तेव्हा ते घरी न जाता सरळ शेजारच्या अंगुरीबाईंच्या ओट्यावर आले. कामरगावात कुणाला पंख मोडलेला कावळा सापडो की मांजराच्या तोंडून सुटलेली साळुंकी, रवानगी अंगुरीबाईंकडेच व्हायची. त्यांचे यजमान फूलचंद दुकानात बसल्या बसल्या गिऱ्हाइकांना सांगायचे, "आमच्या घरी मानसापेक्षा पाखरायचाच पाहुणचार जास्त."

तितराच्या पंखाला मार होता. पण खरा जाच डोळ्यांभोवती आणि मानेवर चिकटलेल्या गोचिडींचा होता. काही तिळाएवढ्या, काही रक्त पिऊन ज्वारीच्या दाण्याएवढ्या फुगलेल्या. अंगुरीबाई रोज दुपारी चष्मा लावून बसायच्या, तेलाचा बोळा फिरवायच्या आणि एकेक गोचीड अलगद सोडवायच्या.

दुसरं कुणी ती नखाखाली चिरडून मोकळं झालं असतं. अंगुरीबाईंनी मात्र साठ वर्षांत जाणूनबुजून मुंगीही मारली नव्हती. त्या गोचिडी कापूस घातलेल्या डबीत ठेवायच्या. आता त्या सोडायच्या कुठे? स्वतःचं अंगण सिमेंटचं, तिथे बिचाऱ्या भाजून निघतील. म्हणून परसातल्या काट्यांच्या कुंपणातून हात घालून त्या पलीकडच्या ओल्या गवतात डबी रिकामी करायच्या. जीव म्हटला की त्याला पोट आलं, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. त्या पोटात काय जाणार, एवढाच विचार राहून गेला. आणि कुंपणापलीकडे पुंजाजी आणि त्यांची बायको बेबीताई यांचा गोठा होता.

पंधरा दिवसांत तितर बरं होऊन उडून गेलं. अंगुरीबाईंना इतका आनंद झाला की त्यांनी त्या दिवशी शिरा केला आणि वाटीभर बेबीताईंकडेही पाठवला.

महिनाभरात, ऐन श्रावणात, बेबीताईंची गाय आजारी पडली. आई मेल्यावर बेबीताईंनी बाटलीने दूध पाजून वाढवलेली ही कालवड, पहिलटकरीण, सातव्या महिन्यात होती. अंग तापलेलं, कान लोंबलेले, रवंथ बंद. जनावरांचे डॉक्टर आले. कुंपणाच्या अलीकडे अंगुरीबाई कपडे वाळत घालता घालता ऐकत होत्या.

"गोचीड ताप आहे," डॉक्टर म्हणाले. "इंजेक्शन देतो, पण चार दिवस काही खरं नाही. गाभ टिकेल की नाही, तेही आत्ताच सांगता येत नाही. चरायला कुठं सोडता?"

"कुठंच नाही जी," बेबीताई म्हणाल्या. "चारा इथंच टाकतो. एकही गोचीड नव्हती तिच्या अंगावर."

"मग पाखरांनी आणल्या असतील. साळुंक्या, बगळे, तितर, सगळ्यांच्या अंगावर असतात. कोणती कुठून आली, हे मात्र कुणालाच सांगता यायचं नाही."

तितर म्हटल्याबरोबर अंगुरीबाईंनी हातातलं ओलं लुगडं तसंच बादलीत टाकलं. डॉक्टरांचं शेवटचं वाक्य तेवढं घट्ट धरून त्या घरात आल्या. कुणालाच सांगता यायचं नाही, मग आपणच काय म्हणून सांगायचं? पण ही लबाडी त्यांना पचेना. त्या रात्री त्या जाग्याच होत्या. गाईचं कण्हणं भिंतीतून ऐकू येत होतं.

सकाळी त्या परसात गेल्या, तर बेबीताई लांब बांबू घेऊन गोठ्यात उभ्या. पत्र्याखाली साळुंकीचं घरटं होतं, आत पिल्लं ओरडत होती.

"यायनंच आनल्या," बेबीताई पुटपुटल्या आणि त्यांनी बांबू उचलला.

अंगुरीबाई वळसा घालून धावतच गोठ्यात आल्या.

"बेबी, थांब. त्या तितराच्या गोचिडी मीच टाकल्या इथं गवतात. रोज."

बांबू खाली आला. "इथं? काहून, काकू?"

"मरू नये म्हनून."

"आन माही गाय?"

बेबीताई भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी बांबू भिंतीला टेकवला, रॉकेल ओतलेला डबा गाईजवळ आणून ठेवला आणि म्हणाल्या, "बसा. तिकडल्या कानातून वेचा."

अंगुरीबाई शेणातच बसल्या. गाईचा कान हाताला चटका देत होता. आतल्या मऊ कातडीवरून त्यांनी एक टपोरी गोचीड सोडवली. तिचे पाय हलत होते. समोर डबा होता आणि हात पुढे जाईना. ओठ नुसते जप करत होते.

बेबीताईंनी ते पाहिलं. राग होताच, पण वीस वर्षांचा शेजारही होता. त्यांनी तळवा पुढे केला. "द्या माह्याजवळ. तुमच्यानं नाही व्हायचं ते. मी टाकतो."

अंगुरीबाई त्या तळव्याकडे बघत राहिल्या. पंधरा दिवस आपण दुसरं काय केलं? आपल्या हाताला पाप लागू नये म्हणून ते हिच्याच दारात आणून ठेवलं, वर शिरा खाल्ला. त्यांना स्वतःची विलक्षण शरम वाटली.

"नको," त्या म्हणाल्या आणि गोचीड त्यांनी स्वतःच डब्यात टाकली.

ती रॉकेलमध्ये थोडा वेळ वळवळली, मग थांबली. अंगुरीबाईंनी ते शेवटपर्यंत पाहिलं. डोळ्यांतलं पाणी चष्म्याखालून गालावर आलं, तसं त्यांनी ते खांद्याला पुसलं आणि कानातली दुसरी गोचीड शोधायला लागल्या.