दोन नळ्यांची गाडी

निहार शिरोडकरने स्पोर्टी सेडान घेतली तेव्हा तिला मागे सायलेन्सरची एकच नळी आहे, हे त्याच्या लक्षातसुद्धा आलं नव्हतं. गाडी लाल होती, डिकीवर ‘टर्बो’ लिहिलेलं होतं आणि भाईंदर पश्चिमेच्या सागरदर्शन सोसायटीत तिच्यासाठी स्वतःचं पार्किंग होतं. सागरदर्शनमधून सागर दिसत नसे. गच्चीवर गेलं तर फार तर मिठागरं दिसायची. पण नावाला कुणी हरकत घेतली नव्हती, निहारनेही नाही. तो विमा कंपनीत सेल्स मॅनेजर होता. वर लिहिलेलं तेवढं वाचून खूश होणारी माणसं त्याला मनापासून आवडायची.

पहिले काही महिने सुखात गेले. रोज सकाळी तो गाडी काढायचा, काशीमीऱ्याच्या सिग्नलला दोन ट्रकांच्या मध्ये अडकायचा, स्पोर्ट मोडचं बटण दाबायचा आणि पहिल्या गिअरमध्ये इंच इंच पुढे सरकायचा. वेग कधी जमला नाही. पण बटण होतं.

मग बी विंगमधल्या यतीन राऊळने तीच गाडी घेतली. तीच कंपनी, तोच लाल रंग, फक्त वरचं मॉडेल. पार्किंगही नेमकं निहारच्या शेजारी. निहार अभिनंदन करायला खाली गेला, पेढा खाल्ला, सीटवरची लाल शिवण पाहून छान म्हणाला आणि गाडीला वळसा घालून मागे गेला. तिथे त्याचा चेहरा उतरला. यतीनच्या गाडीला दोन नळ्या होत्या. डावीकडे एक, उजवीकडे एक, दोन्ही क्रोमच्या आणि मनगट आत जाईल एवढ्या रुंद.

यतीनने त्याला समजावून सांगितलं की ड्युअल एक्झॉस्टमुळे इंजिन मोकळा श्वास घेतं, सिंगलमध्ये बिचाऱ्याचा जीव गुदमरतो. यतीन बँकेच्या वसुली खात्यात होता. कुणाच्या श्वासाबद्दल तो इतक्या मायेने बोलल्याचं आजवर कुणी ऐकलं नव्हतं.

त्या दिवसापासून निहार गाडी उलटी लावू लागला, मागची बाजू भिंतीला टेकवून. ऑफिसात बसून तो सिंगल आणि ड्युअलवरचे व्हिडिओ बघायचा. त्यांतल्या निम्म्या लोकांचं म्हणणं होतं की एवढ्या छोट्या इंजिनला एक नळी पुष्कळ झाली, उलट गाडी हलकी राहते. निहारने हे पाठ केलं आणि लिफ्टमध्ये भेटेल त्याला ऐकवायला लागला. कुणी विचारलेलं नसायचं. शेवटी एकदा सोसायटीच्या सेक्रेटरी मनोरमाबेन पार्किंगचे स्टिकर वाटताना दोन्ही गाड्यांसमोर थांबल्या आणि निरागसपणे म्हणाल्या, “शिरोडकरभाई, तुमची ती छोटीवाली काय?”

गाडी छोटी नव्हती. लांबी, रुंदी, उंची सगळं सारखं होतं. पण निहारने त्याच क्षणी ठरवलं की आता दुसरी नळी बसवायचीच.

त्याची बायको रसिका शाळेत शिकवायची. स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट फॅन दिवाळीपासून बंद होता आणि फोडणी दिली की हॉलमध्ये बसलेला माणूसही खोकायचा. तिने कितीदा आठवण करून दिली होती. निहारने रविवारी दुसरी नळी बसवायला जातोय असं सांगितल्यावर तिने गॅस बंद केला.

“घरात एक आहे तो चालत नाही,” ती म्हणाली, “आणि गाडीला दोन?”

निहारने दोन्हींतला तांत्रिक फरक सांगायला सुरुवात केली. रसिकाने तोपर्यंत इलेक्ट्रिशियनला फोन लावला होता.

काशीमीऱ्याला हायवेच्या कडेला शिवाचं दुकान होतं. स्पॉयलर, निळे दिवे, मोठमोठे हॉर्न, गाडीला जे काही चिकटवता येतं ते सगळं तिथे मिळायचं. शिवाने गाडीच्या मागे उकिडवं बसून मान डोलवली आणि खरं काम काय असतं ते सांगितलं. जुना पाइप कापायचा, दोन फाटे काढायचे, दुसरा सायलेन्सर लावायचा. आवाज वाढणार, पोलीस अडवणार, वॉरंटी जाणार. हे ऐकताना निहारचा रंग बदलत गेला. शिवाला असली गिऱ्हाइकं ओळखीची होती.

“साहेब, एक बोला,” तो म्हणाला. “दिखने को चाहिए, या बजने को?”

निहारने इकडेतिकडे पाहिलं. ओळखीचं कुणी नव्हतं.

“दिखने को,” तो हळूच म्हणाला.

चहा संपेपर्यंत काम झालं. बंपरला उजवीकडे खाच पाडून शिवाने क्रोमचं एक तोंड बसवलं. आत काळं प्लॅस्टिक, त्याच्यामागे काहीच नाही. पण चार पावलं मागे जाऊन बघितलं की फरक कळत नव्हता. निहारने चार पावलं मागे जाऊन बघितलं, मग आणखी चार.

त्या संध्याकाळी त्याने गाडी सरळ लावली. यतीन खाली आला, मागून पुढे गेला, पुन्हा मागे आला आणि काहीच बोलला नाही. एवढी मोठी दाद निहारला आयुष्यात मिळाली नव्हती. पुढच्या रविवारी तो रसिकाला जवळच्या डोंगरी गावापर्यंत फिरवून आणायला निघाला. उत्तनच्या रस्त्याला जरा मोकळं मिळाल्यावर त्याने ॲक्सिलरेटर दाबला आणि पिकअप वाढल्यासारखं वाटतंय का, असं तिला विचारलं. रसिका खिडकीबाहेर सुकत घातलेले बोंबील बघत होती. तिने वाटतंय म्हणून सांगितलं. तिला लवकर घरी जायचं होतं.

हे सगळं असंच चाललं असतं. पण मनोरमाबेनना सोसायटीसाठी काहीतरी करायची हौस होती. त्यांनी एका रविवारी सकाळी गेटपाशी पीयूसीची व्हॅन बोलावली. गाड्यांचा धूर तपासून जागच्या जागी सर्टिफिकेट मिळणार होतं. सगळे घरच्या कपड्यांत खाली उतरले, कुणीतरी वडापाव मागवले. व्हॅनवरचा माणूस पंढरीनाथ म्हणून होता, त्याला रविवारी काम करायचा कंटाळा आलेला स्पष्ट दिसत होता.

निहारची पाळी आली. त्याने इंजिन चालू ठेवलं आणि खाली उतरून ऐटीत मागे उभा राहिला. व्हॅन उजवीकडे होती, म्हणून पंढरीनाथने मशीनची सळई उजवीकडच्या नळीत घातली. सळई चार बोटं आत गेली आणि थांबली. पंढरीनाथने जरा जोर लावला. ती पुढे जाईना. त्याने बाहेर ओढली, तसं क्रोमचं तोंड, प्लॅस्टिक आणि शिवाचे दोन स्क्रू सळईबरोबर बाहेर आले.

पंढरीनाथने ती वस्तू बघितली आणि बसमध्ये पायातून निसटलेली चप्पल द्यावी तशी निहारच्या हातात दिली. मग डावीकडे जाऊन त्याने सळई खऱ्या नळीत घातली. गाडी पास झाली.

सगळ्यांत आधी यतीन हसला. मग सगळेच हसले. निहार ते क्रोमचं तोंड पाठीमागे धरून उभा होता. यतीन वडापाव खात खात सांगायला लागला की हौस असावी, पण झेपेल तेवढीच असावी, आणि टॉप मॉडेल परवडत नसेल तर माणसाने आहे त्यात समाधान मानावं. बोलता बोलता त्याने स्वतःची गाडी पुढे घेतली आणि पंढरीनाथला म्हणाला, “इथे पाहिजे त्या बाजूने घाला.”

पंढरीनाथने उजवीकडून घातली. चार बोटांवर अडली. या वेळी त्याने जोर लावला नाही. तो डावीकडे गेला. तिथेही अडली. मग तो जमिनीवर पोतं टाकून आडवा झाला आणि बंपरखाली टॉर्च मारला.

“धूर जातो कुठून मग?” मनोरमाबेननी विचारलं.

“खाली एक बारकी नळी आहे,” पंढरीनाथ खालून म्हणाला. “वाकडी. ही वरची दोन्ही तोंडं बंद आहेत. शो आहे नुसता.”

यतीनचा वडापाव हातातच राहिला. लोक आता हसावं की नाही या विचारात पडले, कारण यतीन कमिटीवर होता. त्याने रुमालाने ओठ पुसले आणि एकदम बँकेतल्या आवाजात बोलला.

“हे कंपनीचं आहे. फॅक्टरीतून असंच येतं. याला डिझाइन म्हणतात.”

दुपारपर्यंत सोसायटीच्या ग्रुपवर दोन पक्ष पडले. थोडे लोक म्हणत होते की निहारची निदान एक तरी नळी खरी आहे. बाकी सगळे यतीनच्या बाजूचे. कंपनीने बंद ठेवलेली नळी आणि काशीमीऱ्याला रस्त्यावर चिकटवलेली नळी यांत काही फरक आहे की नाही, असं ते विचारत होते. मनोरमाबेननी दोन्ही बाजूंच्या मेसेजना लाइकचा अंगठा दिला.

रसिकाने नवऱ्याची समजूत घालायचा प्रयत्न केला. त्याची गाडी यतीनच्या गाडीपेक्षा खरी निघाली, याचा त्याला आनंद व्हायला हवा, असं तिला वाटत होतं. पण निहारला दुःख वेगळंच होतं. कंपनीचं असलं की ते डिझाइन, हे यतीनचं म्हणणं त्याला मनापासून पटलं होतं.

आठवडाभराने तो पुन्हा शिवाच्या दुकानात गेला. शिवाने आधीच हात जोडले आणि नळी फुकट घट्ट बसवून देतो म्हणाला. निहारने मान हलवली. त्याला टॉप मॉडेलचा बंपर हवा होता. कंपनीचा, दोन नळ्यांचा.

“साहेब, तो पण बंदच असतो,” शिवा म्हणाला.

“माहीत आहे. पण तो ओरिजिनल बंद असतो.”

शिवाने अडचण सांगितली. तो बंपर बसवायचा तर गाडीची चालू नळी मध्ये येणार होती. ती कापून खाली वाकवावी लागणार, कुणाला दिसणार नाही अशी. निहारने क्षणभरही विचार केला नाही.

बंपर मागवायला आणि रंगवायला वेळ लागला. गाडी घरी आली तेव्हा यतीन स्वतः खाली उतरला. त्याने खाली वाकून दोन्ही तोंडांत बोटं घालून बघितली, दोन्हीकडे नेमकी सारखीच अडली. मग तो उठला आणि निहारच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, “आता कसं, बरोबर झालं शिरोडकर.”

निहारला भरून आलं.