डॉकर्सचा एकमेव अजिंक्य

पोर्ट ॲलिसनच्या डॉकर्स या अमेरिकन फुटबॉल संघानं पन्नास वर्षांत एक्केचाळीस क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून खेळ चालवणारे म्होरके, बदलले. इतक्या वेळा लोक मोटारी बदलत नाहीत. काही वाजतगाजत आले आणि नाताळच्या आत गुपचूप गेले. एकानं तर आमच्याकडे इतका मार खाल्ला, की तो सरळ दातांचा डॉक्टर झाला. म्हणाला, आता दुसऱ्यांच्या तोंडाचं बघतो. हरण्याची आम्हाला सवय होती, त्यामुळे राग असा कुणाचा आला नाही. नावं मात्र सगळ्यांची पाठ. शुक्रवारी डॉटच्या बारमध्ये तळलेले मासे खाताना कुणीतरी पहिलं नाव घ्यायचं, शेजारच्यानं दुसरं, आणि असं टेबलाटेबलावरून नावांची माळ फिरायची. सतराव्या नावाशी आली की सगळे एकसुरात ओरडायचे, "अजिंक्य!"

आणि कोपऱ्यात बसलेला व्हर्न डोबिश बिअरचा ग्लास वर करायचा. दुसरं करणार काय?

त्याचं असं आहे, की या खेळातला हिशोब जरा अजबच आहे. सामन्याच्या पहिल्या खेळीला जो क्वार्टरबॅक मैदानात उभा, सामना त्याच्या नावावर. जिंकला तरी त्याचा, हरला तरी त्याचा. मग पुढच्या मिनिटाला तो आजारी पडो, पळून जाओ, नाहीतर मरो. व्हर्न आयुष्यात एकाच सामन्याला सुरुवातीला उतरला आणि तो सामना डॉकर्स जिंकले. एक विजय, पराभव शून्य. एक्केचाळीस जणांत न हरलेला हा एकटाच.

खरी गोष्ट अशी, की त्या सामन्यात व्हर्न एकच खेळी खेळला. १९७१चा डिसेंबर, बर्फ भुरभुरत होतं. मुख्य क्वार्टरबॅक तापानं फणफणलेला, दुसऱ्याचं बोट मोडलेलं, म्हणून टायरच्या दुकानात काम करून सराव करणाऱ्या व्हर्नला उभं केलं. त्यानं चेंडू घेतला, पळणाऱ्याच्या हातात दिला आणि त्याच क्षणी समोरचा एक दांडगा गडी त्याच्या पायावर कोसळला. गुडघ्यात काडकन आवाज झाला. संपलं.

बाकावर राहिला होता लायल हागन. त्याला दोनच दिवसांपूर्वी संघात घेतलं होतं. तो हेल्मेटचा पट्टा आवळत धावत आला. बर्फात विव्हळत पडलेल्या व्हर्नच्या शेजारून गेला, वळूनसुद्धा न पाहता. पुढचा सगळा सामना लायलनं एकट्यानं ओढला. गुण मिळवून देणारे तीन टचडाऊन फेकले, तिसरा तर शेवटच्या मिनिटाला. अख्खं स्टेडियम वेडं झालं. पण निवेदकाच्या कागदावर नव्या पोराचं नावच नव्हतं, म्हणून तो बिचारा सगळा वेळ "चौदा नंबर, चौदा नंबर" करत राहिला. पुढच्या रविवारी मुख्य क्वार्टरबॅकचा ताप उतरला. उन्हाळ्यात लायलला नारळ मिळाला. सामन्याच्या सुरुवातीला तो कधी उतरलाच नाही, म्हणून एक्केचाळीसांत त्याचं नावच नाही.

दोघंही गावातच राहिले. व्हर्ननं टायरचं दुकान विकत घेतलं, लायल काउंटीचा बर्फ काढायचा ट्रक चालवू लागला. गावही एक आणि बारही एकच, टाळणार किती? चाळीस वर्षांत दोघं इतके जवळ आले, की एकाच्या बायकोला दुसऱ्याच्या रक्तदाबाच्या गोळ्या ठाऊक. त्या सामन्याची थट्टा मात्र दोघांनी कधी सोडली नाही.

"तू जन्माला आलास कशाला रे?" लायल म्हणायचा. "एक चेंडू दिलास आणि अमर झालास."

"गुडघा दिला लेका. तुझं काय गेलं?"

तो वळून न पाहण्याचा विषय तेवढा दोघांनीही कधी काढला नाही. व्हर्नला त्याचा राग नव्हता. म्हणजे, तो तरी असं म्हणायचा.

मग जाहीर झालं, की हंगाम संपला की जुनं स्टेडियम पाडणार. त्याआधी ऑक्टोबरातल्या एका रविवारी, सामन्याच्या मध्यंतरात, सामन्याची सुरुवात केलेल्या सगळ्या हयात क्वार्टरबॅकना बोलावून एकेकाचं नाव पुकारणार. प्रत्येकानं मैदानाच्या मध्यापर्यंत यायचं, एक चेंडू फेकायचा, टाळ्या घ्यायच्या. व्हर्नला बोलावणं आलं. लायलला कशाला येईल?

त्या शुक्रवारी डॉटच्या बारमध्ये व्हर्नच्या पाठीवर इतक्या थापा पडल्या, की मासे घशात अडकायची वेळ आली. लायलही हसत होता. गर्दी पांगल्यावर ग्लासच्या बुडाकडे बघत तो म्हणाला, "माझं नाव त्या भोंग्यातून एकदा तरी ऐकायला मिळालं असतं तर बरं झालं असतं. एकदाच. आता काय, पाडतायतच."

एवढंच बोलला आणि टोपी घालून निघाला. व्हर्नच्या मात्र जिव्हारी लागलं. चाळीस वर्षं दुसऱ्याचं ताट आपल्यासमोर आहे आणि आपण मिटक्या मारत जेवतोय, असं त्याला वाटायला लागलं. सकाळी त्यानं संघाच्या कचेरीत फोन लावला. तिथली मुलगी गोड बोलली, पण नियम तो नियम. सुरुवात केलेलेच येतील.

"मग मला एक माणूस सोबत लागेल," व्हर्न म्हणाला. "गुडघा धड नाही माझा."

त्याला तिची हरकत नव्हती.

"म्हणजे मी तुझी काठी?" लायल भडकला. "चाळीस वर्षं तुझा जोकर झालो तेवढं पुरे नाही का?"

"चल रे. फुकट सॉसेज आहे."

"मोहरी लावून?"

"मोहरी लावून."

बेत काय आहे हे व्हर्ननं फक्त बायकोला, मार्जीनला, सांगितलं. नाव पुकारलं की मैदानात जायचं आणि मध्यावर पडायचं. मग चेंडू कोण फेकणार? बाकावरचा माणूस. आणि बदली खेळाडू आला की निवेदकाला त्याचं नाव घ्यावंच लागतं.

"चौसष्टाव्या वर्षी मुद्दाम पडणार?" मार्जीन म्हणाली. "अहो, डोकं ठिकाणावर आहे का? उरलेला गुडघाही मोडून घ्या म्हणजे झालं."

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी, शनिवारी, रंगीत तालीम होती. तेव्हा व्हर्न लंगडत वर काचेच्या खोलीत जाऊन निवेदकाला भेटला. तरतरीत पोरगा, तोंडात च्युइंगम. "मी पडलोबिडलो तर माझ्याऐवजी जो येईल तो लायल हागन," व्हर्ननं त्याला बजावलं. "हागन. विसरू नका."

"काळजीच करू नका, सर," पोरगा म्हणाला. त्याचं लक्ष समोरच्या स्क्रीनवर होतं.

रविवारी लख्ख ऊन पडलं होतं. बोगद्यात म्हातारे क्वार्टरबॅक रांगेनं उभे होते, कुणाचं पोट सुटलेलं, कुणाचे केस उडालेले, पण भोंग्यातून नाव आलं की प्रत्येकाची छाती पुढे यायची. लायल व्हर्नचा कोपर धरून उभा होता, खालमानेनं. कुणी त्याला ओळखलं नाही. एका सुरक्षारक्षकानं तर त्याला मागे सरकायला सांगितलं.

"सतरावे! आपले एकमेव अजिंक्य! व्हर्न डोबिश!"

स्टेडियम हसलं आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. व्हर्ननं लायलचा हात सोडला. "तू इथंच थांब," म्हणाला आणि एकटाच निघाला. मध्यावर कुणीतरी त्याच्या हातात चेंडू दिला. समोर सध्याच्या संघातला एक लांबोडका खेळाडू झेलायला तयार होता. व्हर्ननं एक पाऊल पुढे टाकलं आणि खाली बसकण मारली. नाटकच होतं, पण गुडघ्यातून जी कळ गेली ती खरी होती. त्याच्या तोंडून शिवी निघाली.

टाळ्या थांबल्या. "लायल!" व्हर्न ओरडला. "ये, ये लवकर!"

लायल धावत आला. आता त्याला धावणं म्हणायचं इतकंच. व्हर्ननं पडल्यापडल्या चेंडू वर धरला. घे आणि फेक, बस्स. पण लायलनं चेंडूकडे पाहिलंच नाही. तो गुडघ्यांवर बसला, व्हर्नच्या खांद्यावर हात ठेवला आणि धापा टाकत म्हणाला, "लागलं का रे? फार लागलं?"

"काही नाही झालं मला. तू फेक!"

"राहू दे तो चेंडू. आधी सांग, कुठे दुखतंय?"

"अरे मूर्खा, लोक बघतायत!"

"बघू देत. तेव्हा विचारायचं राहिलं होतं."

इतकी वर्षं आपण याच एका प्रश्नाची वाट बघत होतो, हे व्हर्नला तिथं, गवतावर बसल्यावर कळलं. त्याचे डोळे भरून आले. "दुखतंय," तो म्हणाला. "लेका, तेव्हापासून दुखतंय."

लायलनं त्याचा खांदा दाबला. मग त्यानं व्हर्नच्या हातातून चेंडू घेतला, उठला आणि फेकला. म्हाताऱ्या हाताचा, जरा डुगडुगत गेलेला, पण गेला थेट लांबोडक्याच्या छातीवर. स्टेडियम उठून उभं राहिलं. व्हर्न श्वास रोखून भोंग्याकडे बघत होता. आता. आता घे नाव.

"आणि ही फेक... सतरावे, व्हर्न डोबिश!" भोंगा गरजला. "टाळ्या, मंडळी!"

व्हर्ननं मूठ जमिनीवर आपटली. "अरे गाढवा, हागन! हागन म्हणून सांगितलं होतं ना तुला!" पण त्या गलक्यात ते काचेच्या खोलीपर्यंत कुठलं पोहोचतंय? वर अठरावं नाव सुरूही झालं होतं.

लायलचे खांदे गदगदा हलत होते. तो रडतोय असं व्हर्नला वाटलं, पण तो हसत होता. त्यानं खाली वाकून व्हर्नच्या काखेत हात घातला आणि त्याला उठवलं.

"चल," तो म्हणाला. "दोन विजय, पराभव शून्य."