आईवर ठेवलेली वाइन

दोऱ्यात ओवलेले अक्रोड, द्राक्षाच्या घट्ट रसात बुडवून वाळवलेले. याला चुर्चखेला म्हणतात आणि जेमालचा खिसा कधी त्याच्यावाचून नसतो.

'कोरडी' वाइन: जिच्यात साखर उरली नाही ती. पिताना ओलीच असते.

ईस्टरसाठी लाल रंगवलेलं, अर्धं सोललेलं अंडं.

गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेला, आत माणूस उभा राहील एवढा मातीचा रांजण. क्वेव्री.

'आई': साली, बिया, देठं. रस त्यांच्यासकट रांजणात राहिला, की वाइन आईवर आहे म्हणायचं.

ही वाइन हिवाळाभर आईवर होती आणि आज, ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी, एतेरी ती उघडत होती.

काखेती या द्राक्षमळ्यांच्या प्रांतातल्या या घरात वाइनघराचा उंबरा बायका ओलांडत नसत. नवरा पोलंडात ट्रक चालवायला गेला, म्हणून सासरे वाझा यांनी शरदात एक रांजण तिच्या हवाली केला. चांगली निघाली तर सगळं वाइनघर तिचं. नाहीतर धाकटा दीर जेमाल होताच.

तिने झाकणावरची माती खरवडली, दगड सरकवला. वाळलेल्या जर्दाळूंचा वास वर आला. कोऱ्या चहाच्या रंगाची वाइन तिने सासरे आणि दीर, दोघांच्या वाडग्यांत ओतली.

"वहिनी," जेमालचं तोंड वेडंवाकडं झालं, "ही प्यायची, की हिने गंज काढायचा?"

"टॅनिन," वाझा डोळे मिटून म्हणाले. "सालींचा तुरटपणा. आईने जरा जास्तच लाड केलेत."

एतेरीने स्वतः घोट घेतला. तुरट होती, पण बेताची. मग हे दोघं कुठली पीत होते? तिने वर पाहिलं. जेमालचा गाल फुगलेला. सासऱ्यांचाही.

"बाबा, तोंडात काय आहे?"

"कुठे काय!"

"जीभ दाखवा."

"सासऱ्याला जीभ दाखवायला सांगतेस?"

"दाखवा म्हणते ना! आणि भावजी, तुम्ही हसू नका, तुमच्याच खिशातलं आहे ते. गोड चघळत कोरडी वाइन पिताय? देवाने गाळलेली असली तरी तुरटच लागेल. चुळा भरा दोघं!"

दोघांनी निमूट चुळा भरल्या. तिने पाव आणि खारट चीज पुढे केलं, वाडगे पुन्हा भरले.

वाझांनी घोट तोंडात फिरवला.

"अंग आहे हिला," शेवटी म्हणाले. "पाण्यासारखी पळत नाही. वजन ठेवून बसते."

"गिळली तरी जात नाही," जेमाल म्हणाला. "शेवट किती लांब! नुसती ठाण मांडून बसलीय."

"तुझ्यासारखी," वाझा म्हणाले. "आता ऐक. पुढच्या हंगामाआधी सगळे रांजण आत उतरून तू घासायचेस. एतेरी सांगेल तसे."

"मी? आत?"

"तूच. बारीक आहेस."

एतेरीने तिसऱ्यांदा वाडगे भरले, या वेळी तिन्ही, आणि तिचा थोडा जास्तच.

रसावर तरंगणारी सालींची टोपी खाली दाबायला दांडा लागतो. एतेरीच्या उंचीच्या मापाचा दांडा वाझांनी सुताराला नाताळातच सांगून ठेवला होता.